पाठ्यपुस्तकांतील चौकोन

धाराशिव जिल्ह्यांतील कोणत्याही मराठी शाळेंतील मुलाचें पाठ्यपुस्तक उघडावें. आंत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन दिसतो. त्यास क्यूआर कोड म्हणतात. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला, कीं धड्याची चित्रफीत किंवा कवितेची चाल समोर येते.

श्रोतेहो, या चौकोनाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १९८९ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं एका मजकुरांतून दुसऱ्या मजकुरांत नेणाऱ्या दुव्यांची योजना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजीं संस्थेनें तें वेब सर्वांस विनामूल्य खुलें केलें. या औदार्यावांचून पुढचें कांहींच घडतें ना. भारतांत सामान्य ग्राहकास इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. २००१ मध्यें अमेरिकेंतील एम.आय.टी.नें आपलें अध्यापनसाहित्य वेबवर मोकळें करण्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत एमकेसीएल स्थापन झालें व एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गांवीं पोंचले. चौकोन मात्र जपानचा. १९९४ सालीं मासाहिरो हारा यांनीं तो मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीकरितां तयार केला. वेबवरचा दुवा कागदावर छापतां येतो, हीच त्यांतील खरी युक्ति.

ती शाळेच्या कामीं लावली धाराशिवला लागून असलेल्या बार्शीच्या रणजितसिंह डिसले यांनीं. २००९ मध्यें ते सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत आले, तेव्हां शाळा गोठा व कोठार यांच्यामध्यें पडक्या जागेंत होती. मुली कन्नड बोलणाऱ्या, आणि त्यांचीं लग्नें लवकर उरकण्याची रीत. डिसले प्रथम कन्नड शिकले. मग त्यांनीं पहिली ते चौथीचीं पुस्तकें नव्यानें रचून त्यांत हे चौकोन घातले. हा क्रम महत्त्वाचा. आधीं मुलांची भाषा, मागाहून यंत्र. पुढें राज्य शासनानें ती कल्पना उचलली. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांना दहा लाख डॉलरचें ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालें, आणि त्यांनीं निम्मी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटली.

आतां दुसरी बाजू. दिवाळी सरतांच भूम, परंडा, वाशी व कळंब या भागांतील अनेक कुटुंबें ऊसतोडीस निघतात. मुलेंही बरोबर जातात. दप्तरांत पुस्तक असतें, त्यांत चौकोनही असतो. फोन मात्र बापाच्या खिशांत, आणि बाप पहाटेपासून फडांत. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां एकाच फोनवर दोन-तीन भावंडांची ओढाताण पुष्कळ घरांनीं पाहिली, व त्यांत मुलीची पाळी बहुधा शेवटीं आली. म्हणून २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमालिका लागली. तेथें दुवा उघडावयाचा नव्हता; वेळेवर येऊन बसलें म्हणजे पुरे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांस गांवींच ठेवून घेण्यासाठीं हंगामी वसतिगृहांची योजना आहे. अशा ठिकाणीं शिक्षकानें एकच फोन मधोमध ठेवला, आणि मुलें भोंवतीं बसलीं, तरी एका चौकोनावर सबंध वर्ग चालूं शकतो.