दगडात लपलेला साप
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. माती, खडी आणि रूळ हे माझे विषय. तरी आज एका दगडाची गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो.

आपण नोकरीनिमित्त स्थायिक झालो त्या या गुजरातेत ढोली डुंगरी नावाचे गाव आहे. १९८४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना तेथे डायनोसोरची अंडी आणि त्यांच्याजवळ बारीक हाडे मिळाली. खडक सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. हाडे डायनोसोरच्या पिल्लाची आहेत, असे त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले.

२००१ साली मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तोच नमुना पाहिला. त्यांची नजर मणक्यांवर थांबली. सापाच्या मणक्यांत नेहमीच्या सांध्यांखेरीज आणखी एक खुंटी-खोबणीसारखा सांधा असतो. त्यामुळे साप सहज वेटोळे घालतो, पण त्याचा कणा पिळला जात नाही. नेमका तोच सांधा या दगडात होता!

२००४ साली रीतसर करार होऊन नमुना मिशिगनला गेला. दगड कोरून हाडे मोकळी करायला जवळजवळ वर्ष लागले. तेव्हा चित्र स्पष्ट झाले. फुटलेल्या अंड्याभोवती साडेतीन मीटर लांबीच्या सापाचे वेटोळे आणि शेजारी अर्ध्या मीटरचे डायनोसोरचे पिल्लू. म्हणजे मोहबे यांचे पिल्लू खरेच होते, पण त्याच्या शेजारी त्याचा शत्रूही होता. मार्च २०१० मध्ये या सापाचे नाव जाहीर झाले : सनाजेह इंडिकस. संशोधकांत मोहबेही होतेच. आपल्या जुन्या निष्कर्षात त्यांनी स्वतःच भर घातली, हा मोठेपणा मला फार भावला.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला कटिंगच्या कामावर एका मजुराने मला नारळाएवढा गोल दगड आणून दिला. "साहेब, वर साल आहे बघा," तो म्हणाला. मी हसलो. साइट ऑफिसात कागदांवर वजन म्हणून तो दोन वर्षे ठेवला आणि बदली झाल्यावर तिथेच टाकून आलो. ते अंडे होते की नुसता गोटा, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. दगड गेला आणि तो कुठल्या थरातून निघाला याची नोंदही मी केली नव्हती. रुळाला तडा दिसला तर किलोमीटर आणि खांबाचा नंबर लिहिणारा मी, तिथे मात्र एक ओळ लिहिली नाही!

म्हणून सहकाऱ्यांना विनंती. असा दगड दिसला तर फोडू नका, घासू नका, जागचा हलवू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, जागा लिहा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. ओळख पटायला २६ वर्षे लागली तरी चालतील, पण त्यासाठी दगड आणि त्याची नोंद शिल्लक हवी. आणि मजूर काही दाखवू लागला तर हसू नका.

 गणपती बाप्पा मोरया!