मोडीतली मोटार, घरातले आसन

श्रोतेहो, कमानपाट्याचा कोयता करणे किंवा बैलगाडीला मोटारीचा आस बसवणे गावच्या लोहाराला नवे नाही. याच मोडीतून आता घरात ठेवण्याजोगी आसने आणि मेजेही होतात. रॉन अराड यांनी लंडनमध्ये 1981 साली भंगारातल्या रोव्हर मोटारीचे आसन लोखंडी नळ्यांवर बसवले. ती खुर्ची जगभर गाजली.

आपल्या ठाणे जिल्ह्यातही मोटारी घडल्या. कल्याणला 1990 नंतरच्या दशकात प्यूजो 309 तयार होत असे. तो कारखाना बंद पडला. शेजारच्या कुर्ल्याला घडलेली पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. भट्टीत वितळले की उरते नुसते लोखंड. पण इंजिनाचा ओतीव ठोकळा घासूनपुसून वर काच ठेवली, तर मेज होते आणि कामगाराची करामतही डोळ्यांसमोर राहते.

मात्र जपा हं! पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. तिला ज्योत लावू नका, स्फोट होईल.

गुरुजींनी असा ठोकळा वर्गात ठेवावा आणि विचारावे, ‘मुलांनो, ही चार भोके कशाला?’ धडा तिथूनच सुरू होईल.