असगर अली इंजिनिअर : श्रद्धा आणि बहिष्काराचे अर्थकारण

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



नामदेवांची नरसी आणि औंढा नागनाथ ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे धर्मसुधारणेचा विषय परका नाही. देवळासमोरून हटविल्यावर नामदेव मागील बाजूस कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच फिरले, ही आख्यायिका येथे सर्वांना ठाऊक आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा वाद बाजूस ठेवू. देवस्थानाच्या चालकांपेक्षा भक्त श्रेष्ठ, हा लोकमानसाचा कौल तीत आहे. असगर अली इंजिनिअर आयुष्यभर झगडले ते याच प्रश्नाशी.

त्यांचा जन्म 1939 साली राजस्थानातील सलुंबर येथे दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. वडील धर्मगुरूंच्या व्यवस्थेतील आमिल. अरबी भाषा, कुराणाचे भाष्य आणि हदीस यांचे शिक्षण त्यांना घरीच मिळाले. पुढे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांनी मुंबई महापालिकेत नोकरी केली. धर्माचे पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक व्यवसाय यांचा असा संगम क्वचितच आढळतो.

1970च्या दशकाच्या आरंभी उदयपूरच्या बोहरा समाजात बंडाची ठिणगी पडली, आणि इंजिनिअर या चळवळीचे नेते झाले. 1977 साली उदयपूरच्या परिषदेत त्यांची सरचिटणीसपदी निवड झाली. सुधारकांची श्रद्धा अढळ होती. इमान सोडण्याचा प्रश्नच नव्हता. धर्मपीठाने जमविलेल्या पैशाचा हिशेब मिळावा आणि ऐहिक व्यवहारात पीठाच्या परवानगीची सक्ती नसावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. उत्तर मिळाले ते बहिष्काराचे.

या शस्त्राची धार अर्थशास्त्राच्या अंगाने समजून घेतली पाहिजे. बोहरा समाज मुख्यतः व्यापारी. दुकानाची पत, भागीदारी, गिऱ्हाईक, मुलामुलींची लग्ने आणि अखेरची दफनभूमी, सारे जमातीच्या आत. अशा समाजात बहिष्कृत झालेल्या माणसाची उपजीविकाच तुटते. त्याच्याशी बोलणाऱ्या सख्ख्या भावालाही तीच भीती. न्या. नथवानी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने 1979 साली सुधारकांच्या तक्रारींत तथ्य असल्याचा निष्कर्ष काढला. धर्मपीठाने मात्र आरोप अमान्य केले.

कायद्याची कथाही उद्बोधक आहे. मुंबई राज्याने 1949 साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मसंप्रदायाच्या स्वायत्ततेचा आधार घेऊन तो बहुमताने घटनाबाह्य ठरविला. या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न फेब्रुवारी 2023 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेला हा कायदा 2017पासून अमलात आला.

हमीद दलवाई यांच्याशी तुलना येथे अपरिहार्य आहे. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेणारे आणि 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापणारे दलवाई धर्मग्रंथाकडे दाद मागत नव्हते. त्यांचा आधार मानवी हक्क आणि राज्यघटना हा होता. इंजिनिअर कुराणाच्याच आधारे स्त्रियांच्या समतेचा पक्ष मांडत. त्यांच्या मार्गाने श्रद्धावंतांशी संवाद साधतो. परंतु अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद संपत नाही. दलवाईंच्या मार्गात तो वाद उरत नाही. परंतु श्रोता दुरावतो. दोघांनाही स्वजनांचा रोष सोसावा लागला. फेब्रुवारी 2000 मध्ये इंजिनिअर यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांच्या घराची नासधूस करण्यात आली. तरीही दंग्यांची शोधयात्रा आणि लेखन त्यांनी सोडले नाही. 2004 साली त्यांना स्वामी अग्निवेश यांच्यासमवेत 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. 14 मे 2013 रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

यांपैकी कोणता मार्ग बरोबर, याचा निवाडा समाजवादी कार्यकर्त्याने करण्याची गरज नाही. कुराणाचा वा गीतेचा अर्थ सांगणे हे त्याचे काम नव्हे. अर्थ सांगणाऱ्याची भाकरी हिरावली जाऊ नये, हे पाहणे मात्र निश्चित त्याचे काम आहे. बहिष्कार जमातीचा असो की जातपंचायतीचा, त्याचे बळ शेजाऱ्याच्या मौनात असते. म्हणून वसमत, कळमनुरी वा सेनगावात कोणावर अशी पाळी आली, तर निषेधाचा ठराव संध्याकाळी करावा. सकाळी त्याच्या दुकानाची पहिली पायरी कार्यकर्त्याने चढावी, आणि तक्रार नोंदवायला त्याच्याबरोबर जावे.