फॉन्ट हलका करताना 'ळ' सांभाळा



मंडळाचे संकेतस्थळ मोबाइलवर चटकन उघडावे म्हणून फॉन्टमधली नको असलेली अक्षरे काढून फाइल लहान करतात. आम्ही म्हणतो, जरूर करावी. मात्र ठेवायच्या अक्षरांची यादी मराठी माणसाने तपासावी. हिंदीपुरती यादी घेतली तर 'ळ' गळतो आणि बेळगावच्या मधोमध रिकामी चौकट किंवा परक्या वळणाचे अक्षर येते. 'ऱ' गेला की 'दऱ्या' बिघडतात. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला; त्याआधीच्या यादीत तो नसणारच, मग आपल्या वकिलांच्या नावाआधी 'ॲड.' कसे उमटणार? जोडाक्षरे फॉन्टमधल्या जुळणीच्या नियमांनी घडतात. ते नियमही राखावेत. बेळगाव, निपाणी, ज्ञानेश्वर, दऱ्या, ॲड. एवढे शब्द पडद्यावर नीट दिसले, की मगच फाइल चढवावी.

गणपती बाप्पा मोरया!