माहेरच्या नावाने



बहरीनमधल्या मनामात सकाळचे सात वाजतात तेव्हा चिपळुणात साडेनऊ झालेले असतात. अडीच तासांचं हे अंतर मी १९९१ पासून मनात धरून आहे. त्या वर्षी लग्न होऊन इथे आले. पहिली दोन-तीन वर्षं मैत्रिणींची पत्रं यायची. मग कुणाची बदली झाली, कुणाला मूल झालं, माझाही पत्ता दोनदा बदलला, आणि पत्रं थांबली. भांडण कुणाशीच झालं नव्हतं.

पुढे घरात इंटरनेट आलं आणि २००४ नंतर आपल्याकडच्या लोकांना ऑर्कुटचं वेड लागलं. शुक्रवारची सुट्टी. जेवणं आटोपली की मी संगणकापुढे बसायची आणि १९८४ च्या दहावीचा हजेरीपट आठवून एकेक नाव टाकायची. मुलगे भराभर सापडले. एक ठाण्यात, एक पुण्यात, दोघे दुबईत. मुली मात्र सापडेनात. एकोणीसजणी होतो आम्ही. वर्षभरात दोघी मिळाल्या.

त्याचं कारण कळायला मला फार दिवस लागले. मुलग्याचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतं तेच जन्मभर राहतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि दाखल्यावरच्या तीन शब्दांतला एकही उरला नाही. मी ज्या नावांनी मैत्रिणींना शोधत होते, त्या नावांची माणसंच आता नव्हती. नाव बदलण्याचा तो सोहळा मला त्या दिवशी गोड वाटला होता, आजही त्याचा राग नाही. पण त्या ताटात आमच्या मैत्रीही पुसल्या गेल्या, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्यात स्पेलिंगची भर. हजेरी देवनागरीत घेतली जायची, शोधायचं मात्र रोमन अक्षरांत. सावंतांचा व डब्ल्यूने लिहायचा की व्हीने? शिंद्यांच्या शेवटी एकच ई की दोन? मी सगळे प्रकार टाकून पाहायची. इथल्या ओळखपत्रावर तर नाव अरबीतही छापतात. अरबीत प नाही, च नाही, ळ तर नाहीच. म्हणजे चिपळूण हा शब्दच इथे नीट लिहिता येत नाही!

मग एका शुक्रवारी लख्ख जाणवलं की मीसुद्धा हरवलेलीच आहे. मला कुणी शोधत असेल तर ती दहावीतल्या नावाने शोधेल, आणि ते नाव मी कुठेच ठेवलेलं नव्हतं. फेसबुकवर जुनं नाव लिहायची सोय असते. त्याच दिवशी तिथे माहेरचं नाव लिहून टाकलं. उत्तर कुणाचंच आलं नाही. २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं तेव्हाही एकोणीसपैकी पाचजणींचाच पत्ता लागला होता.

२२ जुलै २०२१. बहरीनमध्ये बकरी ईदची सुट्टी चालू होती. पहाटेच भाचीचा निरोप आला, वाशिष्ठीचं पाणी चिंचनाक्यावर चढतंय. नंतर फोन लागेना. दोन दिवस मी फेसबुकवर फक्त चिपळूण, चिपळूण एवढंच शोधत होते. बाजारपेठ पाण्याखाली गेली. १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं. भावाच्या घरची माणसं माळ्यावर बसून वाचली. पण माळ्याखालचं लाकडी कपाट बुडालं, आणि त्यात आमच्या दहावीचा फोटो होता.

आठवड्याने त्याच फोटोने मला शोधून काढलं. पुराच्या बातम्यांखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘गावातल्या सगळ्यांचे फोटो वाहून गेले असतील, माझा शाबूत आहे, ज्यांना हवा त्यांनी घ्या.’ खाली आमचा वर्ग. प्रत्येकाचं नाव टंकलेलं, देवनागरीत, रांगेप्रमाणे. पहिल्या रांगेत माझं माहेरचं नाव, आणि पुढे, ‘ही कुठे असते, कुणाला माहीत आहे का?’

लिहिणारी गोवळकोटची. शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. ईदच्या दुसऱ्या दिवशी डब्यात सांदणं आणायची आणि अर्धी माझ्या झाकणात ठेवायची. मुहर्रकला राहते, २००३ पासून. मुहर्रक म्हणजे मनामाहून पूल ओलांडला की आलंच, आमचा विमानतळ तिथेच आहे. चिपळूणला जाता-येता दर वेळी मी तिच्या घराजवळून गेले असेन. अठरा वर्षं!

फोन केला तर तिने मला पूर्ण नावाने हाक मारली, बाईंच्या हजेरीच्या चालीत. आई गेल्यापासून ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला लगेच बोलताच आलं नाही.

आता आम्ही दोघी मिळून शोधतो. नाव टाकून बसणं आम्ही सोडून दिलं आहे. भाऊ कुठे आहे, माहेरच्या दारात कुणाचं दुकान होतं, तिला कुठल्या गावात दिलं, असं विचारत जातो. भावांची नावं बदलत नाहीत, त्यामुळे रस्ता बहुतेक माहेरावरूनच सापडतो. अकराजणी मिळाल्या.

बाकीच्यांपैकी एकीसाठी आज मी आकाशवाणीवर बोलते आहे. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव रेडिओवर सांगणं बरं नाही. फोटोत ती दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. गणिताच्या पेपराआधी तिने मला स्वतःची कंपासपेटी दिली आणि आपण मोडक्या पट्टीवर आकृत्या काढल्या. ती पेटी मनामात माझ्या कपाटात आहे. बाई, ऐकत असलीस तर आकाशवाणीला पत्र टाक. खाली नाव दहावीतलंच लिही.