मिरजनगरीत आपले स्वागत

रक्तशास्त्रातील तज्ज्ञ डॉक्टर बंधू-भगिनींनो,

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे रुग्णालय उभारले आणि कर्नाटकातलाही आजारी माणूस मिरजेची गाडी धरू लागला. वानलेस आपणास ठाऊक आहेत. फरीदसाहेब शिकलगार मात्र बाहेरगावी फारसे कोणाला माहीत नसतात, म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द अधिक बोलतो. हे घराणे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेबांनी सतार-तंबोरे दुरुस्त करता करता ते घडवण्याचीच विद्या हस्तगत केली. पंढरपूरकडचा भोपळा निवडण्यापासून तारांचा नाद खुलवणारी जवारी लावण्यापर्यंतची ती विद्या त्यांच्या वारसांनी आजही जिवंत ठेवली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ या कारागिराच्या घराण्यात आहे. रक्त सांडणारी हत्यारे सोडून सुरांकडे वळलेल्यांच्या गावी, सांडणारे रक्त थांबवणाऱ्या शास्त्राची परिषद भरते आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

मी डॉक्टर नाही. तरी एवढे समजून घेतले आहे की, जखमेवर प्लेटलेट गोळा होतात, थ्रॉम्बिन तयार होते आणि ते फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे बनवते. हेच धागे हृदयाच्या धमनीत जमले तर जीव घेतात. आमच्या उसाच्या फडात घोणस चावते, तेव्हा तिचे विष ही साखळी अकारण सुरू करते. फायब्रिनोजेन संपते आणि रक्त गोठेनासे होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले की निदान होते. ही साधी तपासणी प्रत्येक आरोग्य केंद्रात न चुकता व्हावी, यासाठी आपण मार्ग दाखवावा, ही कळकळीची विनंती.

निवासाची सोय अपुरी पडली, काहींना मंगल कार्यालयात उतरावे लागले, मांडवात उकाडा आहे. या सर्वांबद्दल मनापासून क्षमा मागतो. देणगीदार व्यापारी, मोफत धान्य देणारे अडते, खोल्या उघडून देणारी कुटुंबे, रात्रभर राबलेले मांडववाले, आचारी आणि विद्यार्थी स्वयंसेवक यांचे ऋण मोठे आहे. रात्री गायनाची बैठक आहे. ती संपल्यावर निवासस्थानी जाणाऱ्या गाड्या मांडवाच्या दारातूनच सुटतील.