घडीची सायकल आणि ‘पाठवलं कसं?’

(रत्नागिरी येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



जपानहून परत आल्यापासून मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न जपानविषयीचा नाही. ‘घरच्यांनी पाठवलं कसं?’ हा तो प्रश्न. माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीलाही सगळ्यांनी तेच विचारलं. तिचा दीर मागच्या वर्षी दुबईला जाऊन आला, त्याला मात्र हे कुणी विचारलं नाही. म्हणून आज प्रवासाचं थोडं आणि या प्रश्नाचं जास्त बोलणार आहे.

आम्ही दोघी, दोन घडीच्या सायकली आणि अठरा दिवस, एवढाच हा प्रवास. चार वर्षं भिशी लावून पैसे साठवले. घडीची सायकल म्हणजे मधोमध बिजागरी असलेली सायकल. दांडा दुमडतो, हँडल खाली येतं, सीट आत सरकते. आमची चाकं सोळा इंचांची आणि वजन बारा किलोच्या आसपास. विमानात बहुतेक ठिकाणी एका नगाला 23 किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटिमीटर अशी मर्यादा असते. वीस इंची चाकाची सायकल घडी करूनही बहुधा त्यात बसत नाही, सोळा इंची बसते. बॅटरीवर चालणारी मात्र नेता येत नाही, कारण तेवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. हे सगळं आम्ही अंगणात वजनकाटा आणि शिंप्याची टेप घेऊन शिकलो. शेजारची मुलं बघायला जमायची.

जपानी रेल्वेत सायकल घडी करून किंवा सुटी करून पिशवीत पूर्ण झाकली, की डब्यात नेता येते, तेही फुकट. आपल्याकडे सायकल सामानाच्या डब्यात बुक करावी लागते आणि उतरल्यावर तिची वाट बघत फलाटावर उभं राहावं लागतं. तिथे आम्ही पिशवी खांद्याला अडकवून गाडीत चढायचो, उतरलो की पाच मिनिटांत सायकलवर. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे गोंधळ झाला नाही. ओनोमिचीपासून इमाबारीपर्यंत सुमारे सत्तर किलोमीटरचा रस्ता बेटांवरून, पुलांवरून जातो. सायकलवाल्यांसाठी रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलेली आहे. उतारावर लिंबा-संत्र्यांच्या बागा, खाली समुद्र, मासळीचा वास. कोकणातल्या बाईला परकं वाटावं असं तिथे फारसं काही नव्हतं.

पण मला जास्त आठवतात त्या टोकियोतल्या आया. पुढे एक मूल, मागे एक मूल, टोपलीत भाजी, आणि बाई सायकलवर. तिला ते कुणी सहज दिलेलं नाही. एका सायकलवर तिघं बसायला कायद्यानं बंदी होती. 2008 साली पोलिसांनी ती कडक करायचं ठरवलं, तेव्हा आया चिडल्या. मुलांना पाळणाघरात पोचवायचं कसं, हा त्यांचा सवाल होता. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं आणि 2009 मध्ये मजबूत बांधणीच्या सायकलवर दोन मुलांना नेण्याची परवानगी मिळाली. बाईच्या रोजच्या अडचणीतूनच कायदा बदलतो, तो असा.

जपान आपल्याला वाटतं तितकं लांब नाही. आपल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांच्या हाती 1915 च्या सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, आणि 1916 साली त्यांनी इथे महिला विद्यापीठ सुरू केलं. पुढे परदेश दौऱ्यात ते टोकियोचं विद्यापीठ स्वतः पाहून आले. आम्हीही सायकली लावून त्याच्या फाटकापाशी थोडा वेळ उभ्या राहिलो. कर्व्यांची मेहुणी, देवरुखची पार्वतीबाई आठवले, विधवा बाई, 1918 साली अमेरिकेला गेली आणि घरकाम करून तिथे राहिली. तेव्हा तिचं वय पन्नाशीला टेकलेलं होतं. ‘आपल्याकडच्या बायकांना हे जमत नाही’ असं कुणी म्हणालं, तर एवढं एकच नाव सांगा.

जपान म्हणजे बाईचा स्वर्ग, असं मात्र मी म्हणणार नाही. तिथल्या कायद्यानं नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं, आणि आडनाव सोडते ती बहुतेक वेळा बाईच. गर्दीत होणाऱ्या छेडछाडीमुळे टोकियोच्या गाड्यांत बायकांचे वेगळे डबे ठेवावे लागले आहेत. म्हणजे सायकल मिळाली तरी पुढची लढाई उरतेच.

आता आपल्याकडे येऊ. 2016 च्या अखेरीस पासपोर्टचे नियम बदलले. विवाहाचा दाखला लागत नाही, आणि घटस्फोटित किंवा विभक्त बाईनं नवऱ्याचं नाव दिलंच पाहिजे असं नाही. पासपोर्टवर लग्नानंतर आडनाव बदलण्याचीही सक्ती नाही. आपल्यातल्या किती जणींना हे ठाऊक आहे? पण व्हिसा मागताना बँकेचा हिशेब, आयकराचे कागद पुढे करावे लागतात. जिच्या नावावर काहीच नाही, तिला त्यासाठी नवऱ्याच्या कपाटाची किल्ली लागते. ‘पाठवलं कसं?’ या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

आणि जपान तर सोडाच. आपल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. शेवटची एस.टी. संध्याकाळी निघून जाते. रात्री मार खाल्लेली बाई सकाळपर्यंत त्याच घरात बसून राहते, कारण निघायचं म्हटलं तरी निघणार कशानं? सल्ला केंद्रात आलेल्या कितीतरी जणींनी मला हे सांगितलं आहे. सायकलनं मार थांबत नाही, घाटही चढवत नाही, हे मलाही कळतं. पण ‘मला माझी जाता येतं’ ही जाणीव एकदा अंगात मुरली, की बाई निराळी बोलते.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईत 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत सायकल शिकवणं हाही अभ्यासाचा भाग होता. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते मनावर घेतलं, आणि लाखाच्या घरात ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यांत खाणीत काम करणाऱ्या होत्या, शेतमजूर होत्या. टोमणे त्यांनीही ऐकले. आपल्या राज्यात मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सरकार सायकली देतं. मुलगी बारावी होते, लग्न ठरतं, सायकल भावाकडे जाते. सासरी जाताना भांडी जातात, कपाट जातं, सायकल का जात नाही?

म्हणून माझी मागणी साधी आहे. आमच्या दोन्ही सायकली घडी करून कोपऱ्यात ठेवण्यासाठी आणलेल्या नाहीत. येत्या रविवारपासून सकाळी सात वाजता त्या मैदानावर असतील. साडी नेसून या, ड्रेस घालून या, पन्नाशीच्या असाल तरी या. सोळा इंची चाक बुटकं असतं, दोन्ही पाय जमिनीला टेकतात, पडायची भीती कमी. लेकी-सुनांना घेऊन या. आणि सासूबाईंना विचारून बघा, त्यांनाही कधीतरी शिकायची होती का. बहुतेक जणी ‘हो’ म्हणतील.